जोडपाव्यातलं मेण

आईच्या गळ्यातली गाठ काढायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघींना समोर बसवून सगळं नीट समजावून सांगितलं. गाठ साधी आहे, ऑपरेशनही मोठं नाही, पण आवाजाच्या नसेला चिकटून आहे. नंतर आवाज बसू शकतो, बदलू शकतो. आई नुसती "अच्छा" म्हणाली. मला वाटलं, तिला कळलंच नाही.  परतताना रिक्षानं चेरीताल ओलांडलं तेव्हा म्हणाली, "एकदा जोडपाव्याबरोबर गायचं आहे मला. मग काय कापायचं ते कापा म्हणावं."

मी चिडले. मला चिडायला फारसं काही लागत नाही, शाळेतल्या पोरांना विचारा. जोडपावा घरात नव्हताच. बाबांनी तो संग्रहालयाला देऊन टाकला त्याला बरीच वर्षं झाली होती, आणि बाबांना जाऊनही आता कितीतरी दिवाळ्या झाल्या होत्या. सरकारी कपाटातली वस्तू कोणी हातात देतं का? आणि दिली तरी वाजवणार कोण, मी? हे सगळं मी रिक्षात चांगलं मोठ्यानं बोलले. रिक्षावाले भैया मागे वळून म्हणाले, "दीदी, अम्मा की बात मान लीजिए." म्हणजे त्यांना मराठी कळत होतं. जबलपुरात मायलेकींना धड भांडायचीसुद्धा सोय नाही.

जोडपावा म्हणजे दोन बासऱ्या, एकदम तोंडात धरून वाजवायच्या. एका नळीतून गाणं वाजतं, दुसरीतून एकच सूर, गाणं संपेपर्यंत न थांबता. बाबा एकीला नाचरी म्हणत आणि दुसरीला बसलेली. श्वास नाकानं घ्यायचा, गालात साठवायचा आणि फुंक तुटू द्यायची नाही. वाजवताना बाबांचे गाल असे फुगायचे की लहानपणी मी पोट धरून हसायची. आमचा पावा पणजोबांच्या वेळचा. वरुडकडे ते गुरं राखत, तेव्हाचा. तेल पिऊन पिऊन बांबू काळा झालेला, टोकांना पितळेची तार गुंडाळलेली. पणजोबांच्या पुढचे लोक नोकरीसाठी इकडे आले, गुरं सुटली, शेत सुटलं, पावा तेवढा आला. बाबा फॅक्टरीत खराद मशीनवर होते. दिवसभर लोखंड कापून आलेला माणूस संध्याकाळी बांबूची नळी ओठाला लावून बसायचा.

त्यातही वाजवायचे कुठे, तर भुलाबाईत. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घराघरात भुलाबाई बसते, पोरी-बायका रोज एकेका घरी जमून गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यात झाकून ठेवलेली खिरापत काय आहे ते ओळखायचं असतं. आम्ही राहायचो त्या कांचघरला तेव्हा आमच्यासारखी बरीच घरं होती. त्या सगळ्या बायकांमध्ये एकटे बाबा भिंतीला टेकून पावा वाजवत बसायचे. "बायकांत पुरुष लांबोडा" हे त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की कोणी म्हणायच्या आत तेच म्हणायचे.

गाणं आई सांगायची. म्हणजे पहिली ओळ ती म्हणायची, मागून बाकीच्या. तिचा आवाज काही गोड बिड नव्हता, उंच आणि सरळ होता, हाक मारल्यासारखा. तो बसलेल्या नळीच्या सुरात असा मिसळायचा की ती कुठे संपते आणि नळी कुठे सुरू होते ते कळायचं नाही. मला आजही तो आवाज ऐकायला मिळाला तर हातातलं काम टाकून मी तिथं जाऊन बसेन. असलं मी आईला कधी बोललेली नाही. आमच्या घरात असलं बोलायची पद्धत नाही.

दोघांचा सूर असा जुळण्यामागे आमच्या घरची एक रीत होती. बसलेल्या नळीला सहा छिद्रं असतात, पण ती बोटांनी वाजवायची नसतातच. वरून हवी तेवढी छिद्रं मेणानं बुजवून तिचा सूर पक्का करून ठेवायचा. आमच्याकडे तो सूर घरातल्या सुनेच्या गळ्याला लावत. नवी सून आली की पहिल्या भुलाबाईला तिला सगळ्यांसमोर गायला लावायचं, आणि पावा वाजवणाऱ्यानं सासूच्या सुराचं मेण काढून सुनेच्या सुराचं बसवायचं. आईच्या वेळी बाबांनी मेणाची गोळी अंगठ्यानं दाबून वरचं पहिलं छिद्र बंद केलं आणि सूर जुळला. आई लाजून अर्धमेली झाली होती. आजी त्या दिवशी डोकं दुखतं म्हणून जेवली नाही. मी एकटीच मुलगी, घरात पुढे सून आलीच नाही, त्यामुळे आईचं मेण कोणी काढलं नाही.

त्यावरून आईची एक फुशारकी होती. तिच्या बरोबरीच्या बायकांचे आवाज वयानं उतरत गेले. एकेक करून त्या गाणं सांगायचं सोडून मागे म्हणायला लागल्या. आई मात्र केस पिकले तरी गाणं सांगायची. कोणी कौतुक केलं की म्हणायची, "लग्नाच्या वर्षी माझा सूर जिथं होता तिथंच आहे. बांबू काय खोटं बोलते? पाव्याशी जुळते ना? मग झालं तर."  बाबा जवळच बसलेले असायचे. मिशीत हसायचे आणि म्हणायचे, "तिचं बरोबर आहे."

मग बाबांचे पुढचे दात गेले. दात गेले की फुंक ओठांत धरता येत नाही, हवा बाजूनं निसटते. कवळी बसवली, तिनं पाव्यातून शिटीसारखा आवाज यायला लागला. त्याच सुमारास संग्रहालयाचे लोक जुनी वाद्यं गोळा करत कांचघरला आले होते. बाबांनी पिशवीसकट पावा काढून दिला. "घरात मुका पडण्यापेक्षा तिथं मुका पडेल. निदान त्याच्यावरची धूळ सरकारी असेल." आई कित्येक दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढे एकदा मी तिला तिथं घेऊन गेले होते. पावा वरच्या फळीवर, काचेच्या मागे, लांब. खाली पाटीवर लिहिलं होतं, अलगोज़ा. "आपल्या पाव्याचं नाव बदलवून टाकलं," म्हणाली आणि तरातरा बाहेर आली. त्यानंतर गेली नाही. तिनं भुलाबाईत गाणंही सोडलं. आम्ही महाराजपुरला फ्लॅटमध्ये आलो, तिथं भुलाबाई बसवणारं एक आमचंच घर, आणि जमणाऱ्या दोघी-तिघी मोबाइलवर गाणं लावून मागे टाळ्या वाजवणाऱ्या. आई खिरापत करायची. ओळखायला कोणी थांबायचं नाही, मग मीच ओळखायची.

तर आता तिला गायचं होतं. मी संग्रहालयात फोन केला तो 'नाही' ऐकायच्या तयारीनं. पण तिथं नवीन आलेले संग्रहपाल मराठी निघाले, पुण्याकडचे, तिशीतले. मी गाठीबद्दल, ऑपरेशनबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "ताई, वाद्य बाहेर काढून दाखवता येईल. पण फुंकता नाही येणार. तोंडाच्या वाफेनं इतका जुना बांबू तडकतो. आजींना तेवढं आधी सांगाल का?" मी हो म्हटलं. सांगितलं मात्र नाही. म्हटलं, तिथं गेल्यावर तेच सांगतील आणि तिचा राग तेच खातील.

आई नऊवारी नेसली. एरवी ती पाचवारी नेसते. केसात शेवंती घातली. मी म्हटलं, "अगं, कपाट बघायला चाललो आहे, लग्नाला नाही." ती म्हणाली, "तू तुझं बघ."

संग्रहपालांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं. टेबलावर पांढऱ्या फडक्यावर पावा ठेवलेला होता. आई खुर्चीवर बसलीच नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला इतक्या जवळून बघत होती. घरी बाबा पाव्याला कोणाचा हात लागू देत नसत. वाजवून झालं की पिशवीत, पिशवी खुंटीवर, आणि खुंटी त्यांच्याच हाताला पोचेल एवढी उंच. ती वाकली, चष्मा वर-खाली केला, आणि तिचा पारा चढला.

"हे काय करून ठेवलं तुम्ही? किती मळ भरला आहे यात! आमच्या घरी होता तेव्हा एका छिद्रात मेण होतं, बस एका. ही बाकीची काहून बुजली? तुमच्याकडे साफसफाईला कोणी नाही काय?"

संग्रहपाल गोंधळले. पण बोलले शांतपणे. "आजी, आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं. पुढच्या महिन्यात हे साफ करायला घेणार होतो. पण परवा ताईंचा फोन आल्यावर मी भिंग घेऊन पाहिलं. हा मळ नाही. हे मेणच आहे, आणि सगळं एका वेळचं नाही. हे वरचं बघा, काळं पडलंय. हे सगळ्यात जुनं. त्याच्या खालचं जरा पिवळं. हे तिसरं त्याहून अलीकडचं. आणि हे चौथं तर पांढरं आहे, मेणबत्तीचं असावं. कोणीतरी बऱ्याच बऱ्याच वर्षांच्या अंतरानं एकेक छिद्र बंद करत गेलंय. वस्तू आमच्याकडे आली तेव्हा ती अशीच होती."

"बंद कशाला करतील?"

"सूर खाली आणायला. वरून जितकी छिद्रं बंद, तितका सूर खाली. मला वाटतं वाजवणाऱ्याला ते..."

ते बोलता बोलता थांबले.  मी गणित शिकवते, पण एवढं साधं गणित मला इतकी वर्षं सुटलं नव्हतं. दर वर्षी भुलाबाई बसायच्या आधी एखाद्या दुपारी बाबा मागच्या पडवीत पावा घेऊन बसायचे. आई स्वयंपाकघरात असायची. बाबा तिथून ओरडायचे, "अगं, ते हे गाणं कसं आहे गं? विसरलो मी." आई वैतागायची, "दर वर्षी कसं विसरता?" आणि पोळ्या लाटता लाटता गाऊन दाखवायची. पडवीतून बारीक सूर ऐकू यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. मी काडेपेटी नेऊन दिलेली आहे त्यांना. मेण मऊ करायला हवी होती हे मला आज कळत होतं. ते गाणं कधी विसरलेच नव्हते. तिचा सूर यंदा कुठे आला आहे ते बघत होते.

आणि बसलेल्या नळीचा सूर उतरवला म्हणजे नाचऱ्या नळीवरची सगळी गाणी नव्या जागेवरून वाजवायची, सगळी बोटं बदलायची. हेही मला संग्रहपालांनी नंतर सांगितलं. म्हणजे प्रत्येक वेळी हा माणूस भुलाबाईची सगळीच्या सगळी गाणी पुन्हा नव्यानं बसवत होता, फॅक्टरीतून आल्यावर, आणि वर म्हणत होता, "तिचं बरोबर आहे."

आई खुर्चीवर बसली.  मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी त्या बायकांना काय काय बोलली असेन गं. तुमचे आवाज उतरले, माझा नाही उतरला म्हणून." आणि लगेच, रागानं, "मला सांगायला काय झालं होतं यांना?"

 सांगितलं असतं तर तिनं दुसऱ्या दिवशी गाणं सांगणं सोडलं असतं. हे तिलाही माहीत होतं.

संग्रहपाल उठून गेले आणि एक रबरी फुगा घेऊन आले, कॅमेऱ्यावरची धूळ उडवतात ना, तसा. "आजी, फुंकता येणार नाही. पण यानं हलकी कोरडी हवा सोडता येईल. थोडाच आवाज येईल, तुटक येईल. चालेल?" मला वाटलं आता भडकणार. ती म्हणाली, "चलो, लावा."

त्यांनी फुग्याचं तोंड बसलेल्या नळीला लावलं आणि दाबलं. सूर आला. बारीक, थोडा घोगरा, पण तोच.  कांचघरची भिंत, बाबांचे फुगलेले गाल, सगळं एका क्षणात समोर. फुगा रिकामा झाला, सूर थांबला. त्यांनी पुन्हा दाबला.

आईनं डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली. ती सुराच्या खाली पडली. तिनं पुन्हा जोर लावला, मान वर केली, शिरा ताणल्या. पोचली, पण आवाज फाटला. तिसऱ्यांदा नुसतंच तोंड उघडलं. पांढरं मेण लावलं त्यानंतर किती वर्षं गेली होती. तेव्हापासून तिचा आवाज उतरतच होता आणि पावा तिथंच राहिला होता.

"नाही जात आता," ती म्हणाली. "उतरला माझा सूर." हे वाक्य मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधा होता, भाजी संपली सांगावं तसा.

मी म्हटलं, "चल आई, झालं. ऐकलं ना." मला तिथून पळायचं होतं.

ती उठली. टेबलाजवळ गेली. पांढऱ्या मेणाच्या खालचं छिद्र मोकळं होतं. तिनं त्यावर आपलं बोट ठेवलं. दाराशी उभा असलेला शिपाई म्हणाला, "अम्माजी, हाथ मत लगाइए." संग्रहपालांनी त्याला हातानं थांबवलं.

"आता दाब बेटा," आई म्हणाली.

सूर एक पायरी खाली उतरला. तिनं गाणं उचललं आणि ते बरोबर त्याच्यावर बसलं. कुठलं गाणं ते सांगत नाही, ते तिचं आहे. संग्रहपाल फुगा दाबत राहिले, सूर तुटत होता आणि पुन्हा लागत होता, आणि ती त्या तुटण्यातून गात राहिली. आवाज जुना नव्हता. जाड होता, कापत होता. मी मागे म्हणायला हवं होतं, तशी रीत आहे, पण मी नुसती तिच्या बोटाकडे बघत राहिले. तेव्हा पुण्याकडचा तो मुलगा, ज्यानं भुलाबाई कधी पाहिली नसेल, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तिच्यामागे म्हणायला लागला.

निघताना आईनं त्यांना एकच गोष्ट बजावली. साफसफाई करा, तार पुसा, तेल लावा, काय वाटेल ते करा, मेणाला हात लावायचा नाही. ते म्हणाले, "नाही लावणार, आजी."

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. गाठ साधीच होती. काही दिवस बोलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि आई न बोलता राहिली हे आमच्या शेजारच्यांना अजून खरं वाटत नाही. हातवारे करून ती मला स्वयंपाक शिकवायची आणि चुकलं की पळी आपटायची. मग एका सकाळी चहा घेताना तिनं स्वतःहून माझं नाव घेतलं. आवाज पार बसलेला होता, आईचा म्हणून ओळखूच येईना. तिनं स्वतःच तो ऐकला आणि कप खाली ठेवला.

"किती उतरला?" तिनं विचारलं.

खोटं बोलायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते काम बाबांचं होतं, आणि त्यांच्यासारखं ते मला जमलं नसतं. मी म्हटलं, "बराच."

तिनं मान हलवली. 

"यांनी पावाही तेवढाच उतरवला असता," ती म्हणाली. "मला कळूसुद्धा दिलं नसतं."